चवड्याला जागा

बुटाच्या खोक्यावर एकच आकडा छापलेला असतो आणि तो लांबीचा असतो. रुंदी ही गिऱ्हाइकाची खासगी बाब आहे, असं सगळ्या दुकानदारांनी मिळून ठरवलेलं दिसतं. आमच्या घरात ती कधीच खासगी नव्हती. आत्याच्या मते आमच्याकडच्या सगळ्यांचे पाय फताडे. आजोबांच्या मते ढेकळांतून चालणाऱ्यांचे असेच असायचे. लग्नात जोडव्यांचं नेहमीचं माप माझ्या बोटांत शिरेना, तेव्हा सासरच्या एक काकू म्हणाल्या, "पाय चांगले भक्कम आहेत हो मुलीचे." हे कौतुक होतं की चौकशी, ते मला अजून उमगलेलं नाही.

चपला-सँडलवर आयुष्य सहज निघतं आणि आपल्याकडे बहुतेकांचं निघतंच. उघड्या चपलेत पाऊल दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावलं तरी चपलेची काही तक्रार नसते. मला बूट लागले ते बुलेटमुळे. गिअरचा दांडा डाव्या पायाच्या अंगठ्यावर दिवसभर घासत राहतो. कापडी बूट तिथे विरतो, चामड्यावर नुसता डाग उमटतो. तो डाग तपकिरी बुटावर कायमचा बसतो. काळ्यावर पॉलिशचा एक हात फिरवला की मिटला. माझ्या काळ्या बुटांमागे एवढंच तत्त्वज्ञान आहे. घोटाही झाकलेला बरा, कारण पुण्यात सिग्नलला पाय टेकवताना खाली खडी असेल, पाणी असेल की आणखी काही, हे टेकवल्यावरच कळतं.

तर दुकानात पहिला मुक्काम लेडीज विभागात. इथले बूट बघायला सुरेख. पुढे निमुळते होत गेलेले, टाचेला दोन इंच उंची, बाजूला एक सोनेरी चेन, जी उघडत नाही, फक्त दिसते. पाय आत सरकवला की अंगठा आणि करंगळी एकमेकांच्या भेटीला निघतात. मग विक्रेता मुलगा ठरलेल्या दोन वाक्यांपैकी एक म्हणतो. "मॅडम, एक नंबर मोठा देतो" किंवा "वापरून सैल होईल." दोन्ही वाक्यं धडधडीत खोटी असती तर बरं झालं असतं. त्यांत थोडं थोडं खरं आहे, म्हणून माणूस फसतो.

एक नंबर मोठा घेतला की बूट लांबीला एक तृतीयांश इंच वाढतो, म्हणजे जवळजवळ साडेआठ मिलिमीटर. चवड्याभोवतीचा घेर वाढतो साधारण पाव इंच. जागा हवी आहे चवड्याला, आणि ती पाव इंच मिळावी म्हणून पुढे नको असलेली लांबी पदरात घ्यायची. आणखी एक नंबर चढवला की चवड्याला सुख होतं खरं, पण बूट जिथे दुमडावा म्हणून केलेला असतो ती जागा पुढे सरकते आणि पाय दुमडतो तिच्या मागे. नको तिथे सुरकुती पडते, बुटाचं टोक रिकामं राहतं, टाच दर पावलाला वर निघते. चालताना हे खपून जातं. गाडीवर ब्रेक किती दाबतोय याचा अंदाजच सुटतो.

हा एक तृतीयांश इंच मुळात जवाच्या दाण्याचा. जुन्या इंग्लंडात तीन जव म्हणजे एक इंच, आणि बुटाचा नंबर एकेका जवाने वाढायचा. आपण आजही सहा, सात, आठ म्हणतो ते त्याच हिशेबाने. युरोपातल्या एकोणचाळीस-चाळीसचा टप्पा निराळा, सेंटिमीटरच्या दोन तृतीयांशाचा, पण मोजतात तीही लांबीच. रुंदीसाठी अक्षरं आहेत. अमेरिकेत पुरुषांचा डी म्हणजे नेहमीचा, बायकांचा बी म्हणजे नेहमीचा, आणि पुढे टू-ई, फोर-ई असे पाय रुंदावत जातात. तिकडच्या सिरॅक्यूज शहरात चार्ल्स ब्रॅनॉक नावाच्या, घरचंच बुटांचं दुकान असलेल्या माणसाने १९२०च्या दशकात पाय मोजायचं एक साधन काढलं. पहिला नमुना त्याने मुलांच्या खेळण्यातल्या धातूच्या पट्ट्या जोडून केला होता. त्यावर उभं राहिलं की तीन मापं मिळतात: लांबी, रुंदी, आणि टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचं अंतर.

हे तिसरं माप फार मोलाचं आहे. दोघींचे पाय एकाच लांबीचे असतात, पण एकीची बोटं लांब असतात आणि दुसरीचा चवडाच पुढपर्यंत गेलेला असतो. एकाच नंबरात दोघींचं भलं होत नाही. बूट वाकतो तो चवड्याच्या सांध्यावर, बोटांच्या टोकाशी नाही. तेव्हा बुटाचा सगळ्यात रुंद भाग आणि आपला सगळ्यात रुंद भाग एकाच रेषेत आले की नाहीत ते आधी बघायचं. पुढे किती जागा उरली ते नंतर. आपल्याकडे मात्र अजून बुटाच्या टोकावर अंगठा दाबून "बसला!" असा निकाल दिला जातो.

बी आणि डी यांच्या मधल्या दरीतून रुंद पायांच्या बायका चालत चालत पुरुषांच्या विभागात पोचतात. ब्रिटिश नंबरांत बायकांचा सहा आणि पुरुषांचा सहा लांबीला सारखेच, त्यामुळे हिशेब सोपा. माझा सहा. पुरुषांकडे सुरुवातच तिथून होते, म्हणून एका कोपऱ्यात जे दोन-चार जोड पडलेले असतील ते माझे. "साहेबांसाठी बघताय का?" हे ठरलेलं. इथे चवडा खूश होतो आणि टाच पोरकी, कारण पुरुषांच्या बुटाला मागेही ऐसपैस जागा ठेवलेली असते. जाड मोजे, टाचेला चिकटवायची गादी, दोरी शेवटच्या भोकापर्यंत ओढून बांधणं, असे उपाय करून हे निभतं. मी बरीच वर्षं निभावलंही.

पाय आपलेच जगावेगळे, अशी समजूत करून घ्यायचं मात्र कारण नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर एक लाखाहून जास्त लोकांचे पाय त्रिमितीय स्कॅनरने मोजले. निष्कर्ष असा निघाला की भारतीयांचे पाय युरोपीय आणि अमेरिकनांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद असतात. त्यावरून आपली स्वतंत्र मापपद्धत सुचवली गेली, नाव 'भा', भारतातला भा. याआधी २००९ साली बेल्जियन संशोधकांनी दक्षिण भारतातल्या जन्मभर अनवाणी चालणाऱ्यांच्या पायांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ते पाय बूट घालणाऱ्यांच्या पायांपेक्षा रुंद निघाले आणि अंगाचा भारही त्यांच्या तळव्यांवर जास्त सारखा पसरलेला दिसला. आजोबांची ढेकळांची उपपत्ती अगदीच फेकलेली नव्हती तर. आत्याला मी हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे फताडेच ना?"

आता "वापरून सैल होईल"बद्दल. अस्सल चामडं रुंदीला थोडं सैल होतं, लांबीला नाही. तेही थोडंच, करंगळीच्या सांध्याला बारीकशी टोच असेल तर ती जाते, दुकानातच पाय बधिर होत असेल तर तो घरी येऊनही बधिरच होतो. आणि जे चामडंच नाही, वरून रेक्झिनसारखा थर आहे, ते मुळीच सैल होत नाही. दोन पावसाळ्यांत त्याची पापुद्र्यांनी सालं निघतात. म्हणून आधी बूट कशाचा आहे ते बघावं. आरशासारखा चकाकणारा, एकही छिद्र न दिसणारा काळा पृष्ठभाग बघून मला तरी संशय येतो. कातड्यावरचे व्रण घासून काढून वर रंगाचा जाड थर दिला की ही चकाकी येते, आणि भेग पडते तीही त्याच थराला, अगदी चवड्यापाशी. चांगल्या चामड्यावर अंगठा दाबला की बारीक सुरकुत्या उमटतात आणि सोडल्यावर जातात. केसांची छिद्रं दिसतात, तीही एका रांगेत नाही. बुटाच्या जिभेची कच्ची कड उलटून पाहावी, तिथे तंतू दिसले पाहिजेत. परदेशी मालावर आतल्या बाजूला किंवा सोलवर लहान चित्रं असतात. ताणून वाळवलेल्या कातड्याचा आकार असेल तर चामडं, शंकरपाळ्याचा आकार असेल तर दुसरं काहीतरी. वरचा भाग, अस्तर आणि सोल यांची चित्रं वेगवेगळी दिलेली असतात, आणि जाहिरातीतलं 'लेदर' कितीदा नुसत्या वरच्या भागापुरतं असतं ते तिथे समजतं.

आतली गादी निघत असेल तर ती काढून जमिनीवर ठेवायची आणि तिच्यावर उभं राहायचं. पाय दोन्हीकडून बाहेर येत असेल तर तो बूट खोक्यात परत घालायचा. पुढची चर्चा नको. हे करताना विक्रेत्याचा चेहरा बघू नये. खरेदीला संध्याकाळी जावं, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो आणि बूट त्यालाच घालायचे असतात. दोरीचे बूट घ्यायचे तर ज्याच्या दोरीच्या दोन्ही पट्ट्या खालून मोकळ्या असतात, तो डर्बी पद्धतीचा बरा. तो हवा तितका उघडतो. ऑक्सफर्डच्या पट्ट्या खाली एकत्र शिवलेल्या असतात, त्यामुळे पायाचा वरचा उंचवटा जास्त असला तर तिथेच सगळं अडतं. इलॅस्टिकचे चेल्सी बूट चवड्याला काहीच मदत करत नाहीत, त्यांचं इलॅस्टिक घोट्याशी असतं. ते मला दिसायला फार आवडतात, ते जाऊ दे.

हे सगळं मला काही एका दुकानात कळलेलं नाही. बरंचसं कळलं ते कॅम्पातल्या एका बोळात, जिन्याखाली बूट शिवत बसणाऱ्या काकांकडे. एके काळी लष्करी अधिकाऱ्यांच्या ऑर्डरी असायच्या. आता दुरुस्ती जास्त, नवे जोड कमी. त्यांनी मला वहीच्या दुहेरी पानावर उभं केलं. "बसून नाही, ताई. उभं राहिल्यावर पाय पसरतो." पेन्सिल अगदी सरळ धरून पायाची कड काढली. मग वर्तमानपत्राची एक लांब पट्टी फाडली, ती चवड्याभोवती गुंडाळली आणि जिथे टोक भिडलं तिथे नखाने खाच केली. तीच पट्टी उंचवट्यावर, तिथे दुसरी खाच, टाचेवरून तिरकी, तिसरी, घोट्याला, चौथी. आकडा कुठेच लिहिला नाही. "डावा एक सूत जास्त आहे," एवढंच म्हणाले. दोन्ही पाय सारखे कुणाचेच नसतात, हे मला तेव्हा कळलं. आणि दुकानातला जोड मात्र शिस्तीत सारखा.

पुढच्या खेपेला फर्मा, म्हणजे ज्यावर चढवून बूट शिवतात तो पायाच्या आकाराचा साचा, तयार होता. माझा असा फर्मा कुठून असणार. सहा नंबरचा लाकडी फर्मा घेऊन त्यांनी करंगळीच्या आणि अंगठ्याच्या सांध्याशी चामड्याचे तुकडे सोल्युशनने चिकटवले होते आणि त्यांच्या कडा कानशीने घासून फर्म्यात मिळवून टाकल्या होत्या. बोट फिरवलं तरी सांधा लागत नव्हता. टाचेला हातही लावला नव्हता, ती सहाचीच ठेवली होती. मी इतकी वर्षं गादी आणि मोज्यांनी जे करत होते, ते त्यांनी चामड्याच्या दोन तुकड्यांत उरकलं. रापीने कड तासता तासता ते मला शिवण समजावून सांगत होते. नुसत्या पेस्टिंगचा सोल एकदा सुटला की सुटला. वेल्टची पट्टी घालून शिवलेला सोल झिजला की उसवून नवा लावता येतो, वरचा बूट तोच. सोल चामड्याचा नको, रबराचा घ्या, नाहीतर ओल्या शहाबादी फरशीवर आपटाल. फोमसारखा हलका सोलही नको. तो न वापरता कपाटात ठेवला तरी दमट हवेने आपोआप भुसभुशीत होतो आणि मग एके दिवशी रस्त्यातच त्याचा चुरा होतो. किंमत रेडिमेडच्या दुपटीहून जास्त सांगितली. मी घासाघीस केली नाही. फर्म्यावरच्या त्या तुकड्यांकडे बघून तोंड उघडवेना.

वाद झाला तो चेनवरून. रोज सकाळी दोरी सोडा, दोरी बांधा, यापेक्षा आतल्या बाजूने चेन असती तर बरं, असं मी सुचवलं. काका आरीवरून नजर न उचलता म्हणाले, "चेन जाईल पावसात, बूट राहील. मग चेन बदलायला माझ्याकडेच याल आणि मलाच बोलाल." मी म्हटलं, येईन की. ते म्हणाले, "शिवाय दोरी संध्याकाळी सैल करता येते. चेन काय, एक तर बंद नाही तर उघडी." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून दोरीचे झाले. चवडा मोकळा, टाच जागच्या जागी, आणि ऑफिसात अंगठा लावायला रोज दोन मिनिटं उशीर. आमच्या एचआरवाल्या बाईंनी कारण विचारलं तेव्हा मी बूट दाखवले. त्यांनी काकांचा पत्ता लिहून घेतला आणि लेट मार्क तसाच ठेवला.