भरलेल्या जागा, आजच्या तारखा

नोकऱ्यांच्या जाहिराती देणाऱ्या एका वेबसाइटचं काम माझ्याकडे आलं. गूगलमध्ये नोकरी शोधल्यावर जी खास चौकट दिसते, तिथून त्यांच्या जाहिराती रातोरात गायब झाल्या होत्या. सर्च कन्सोल, म्हणजे साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन, उघडलं तर मॅन्युअल अ‍ॅक्शनची नोटीस समोरच: स्ट्रक्चर्ड डेटाच्या, म्हणजे पानावरची माहिती यंत्राला समजेल अशा रकान्यांत देण्याच्या, नियमांचा भंग. म्हणजे अल्गोरिदमचा चढउतार नव्हे, माणसाने पानं तपासून केलेली कारवाई. अशा कारवाईने पानाची नेहमीची क्रमवारी बदलत नाही, रिच रिझल्टमध्ये, म्हणजे अशा खास चौकटीत, दिसण्याचा हक्क मात्र जातो. नोकऱ्यांच्या साइटचा अर्धा जीव त्या चौकटीतच असतो.

त्यांचा डेव्हलपर म्हणाला, "सर, रिच रिझल्ट्स टेस्टमध्ये सगळं हिरवं आहे." हे स्ट्रक्चर्ड डेटा तपासणारं गूगलचं टूल. खरंच हिरवं होतं. पदाचं नाव, वर्णन, कंपनी, ठिकाण, जाहिरातीची तारीख, काहीच राहिलं नव्हतं.

मी एक जाहिरात उघडली. पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, अर्जाची अंतिम तारीख ३१ मार्च. आम्ही बसलो होतो ऑगस्टमध्ये. मग पेज सोर्समधला, म्हणजे पानाच्या कोडमधला, जेसन-एलडीचा तुकडा पाहिला; स्ट्रक्चर्ड डेटा त्याच स्वरूपात लिहिलेला होता. 'डेटपोस्टेड'मध्ये, म्हणजे जाहिरातीच्या तारखेच्या रकान्यात, त्या दिवसाचीच तारीख, 'व्हॅलिडथ्रू'मध्ये, म्हणजे अंतिम तारखेच्या रकान्यात, पुढच्या महिन्याची. दुसरी जाहिरात पाहिली, तिथेही तेच. टेम्प्लेट बघितल्यावर उलगडा झाला. तारीख डेटाबेसमधून येतच नव्हती. पान उघडलं की त्या क्षणाची तारीख भरली जायची. गूगलबॉट, म्हणजे पानं वाचणारा गूगलचा प्रोग्रॅम, जेव्हा येईल तेव्हा प्रत्येक जागा त्याला आजच निघालेली दिसायची.

टूल हिरवं दाखवत होतं, कारण ते रकाना भरलाय का आणि तारखेचा साचा बरोबर आहे का एवढंच बघतं. तारीख खरी आहे का, हे त्याला कळणार कसं?

जेसन-एलडी मलाही आवडतं, गूगलही त्याचीच शिफारस करतं. पण त्यात एक धोका आहे. जुन्या मायक्रोडेटा पद्धतीमध्ये खुणा थेट दिसणाऱ्या मजकुरालाच बांधलेल्या असायच्या, त्यामुळे वाचकाला एक आणि यंत्राला दुसरंच सांगणं तितकं सोपं नव्हतं. जेसन-एलडीचा तुकडा पानात वेगळा पडून असतो. मजकूर बदलतो, तो तसाच राहतो आणि वाचकाला तो दिसत नसल्याने महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

मी त्यांच्या तक्रारींचा इनबॉक्स मागितला. एका बाईंनी रजा काढून कागदपत्रं जमवली होती, लांबलचक फॉर्म भरला होता आणि उत्तर आलं होतं की जागा एप्रिलमध्येच भरली. सर्चमध्ये ती आजची का दिसते, एवढंच त्यांनी विचारलं होतं. कुणी उत्तर दिलं नव्हतं. तो मेल मी मीटिंगमध्ये मोठ्याने वाचला. मालकांना जाहिरातींची संख्या घटण्याची काळजी होती आणि ती खोटी नव्हती. पण मेल ऐकल्यावर त्यांनी बंद झालेल्या जागा काढायला होकार दिला.

दुरुस्ती फार अवघड नव्हती. तारखा डेटाबेसमधून घेतल्या. अंतिम तारीख ठरलेली नसेल तिथे 'व्हॅलिडथ्रू' टाकायचंच नाही, असं ठरवलं. जागा बंद केली की पान ४१० देतं, म्हणजे 'हे पान काढून टाकलंय' असा संकेत, आणि इंडेक्सिंग एपीआय या गूगलच्याच सोयीतून गूगलला तसं कळवलं जातं. हे करताना पगाराचा गोंधळही सापडला. आकडा महिन्याचा, पण तो किती काळाचा हे सांगणाऱ्या 'युनिटटेक्स्ट' रकान्यात 'इयर', म्हणजे वर्षाचा पगार बारा पटींनी कमी दिसत होता. चांगल्या उमेदवारांनी त्या जाहिराती न उघडताच सोडल्या असतील, याचं मला जास्त वाईट वाटलं.

कारवाई उठवण्यासाठी गूगलला केलेल्या फेरविचाराच्या अर्जात काय चुकलं होतं, का चुकलं आणि आता काय बदललं, हे सरळ लिहिलं. कारवाई उठली. जाहिराती परत दिसू लागल्या, पूर्वीपेक्षा कमी, आणि काहींवर बऱ्याच आधीच्या तारखा.

त्यांच्या भरती विभागाने लगेच विचारलं, जाहिरातीत थोडी दुरुस्ती केली तर तारीख नवी करता येईल का? मी नाही म्हटलं. 'डेटपोस्टेड' ही जाहिरात पहिल्यांदा निघाल्याची तारीख. जागा खरोखर नव्याने निघाली असेल तर नवी जाहिरात काढा, नव्या पानावर.