बाबांच्या प्लेअरवर सिनेमाची सीडी लागेपर्यंत (माझा अनुभव)

"नो डिस्क." गेल्या उन्हाळ्यात मिरजेला माहेरी असताना प्लेअरच्या त्या हिरव्या पट्टीवर हे दोन शब्द मी किती वेळा वाचले ते सांगता येणार नाही. बाबांना ते दिसत नाहीत. त्यांना फक्त आत सीडी दोनतीनदा घरघरून गप्प झाल्याचं ऐकू येतं, आणि मग ते म्हणतात, "राहू दे गं, नसेल होत तर." ते राहू दे ऐकून मला जास्त चीड यायची.

काचबिंदूने बाबांची नजर जवळजवळ गेलीये. टीव्हीसमोर बसणं त्यांनी सोडून दिलं, पण नाटक-सिनेमाचं वेड तसंच आहे आणि संवाद तोंडपाठ आहेत. म्हणून ठरवलं की घरात ज्या नाटकांच्या व्हीसीडी पडल्यात आणि लॅपटॉपवर जे सिनेमे आहेत त्यांचा नुसता आवाज काढून सीडी करायच्या. पेन ड्राइव्हवर का नाही असं सगळे विचारतात. गाणी भरलेला तो छोटा स्पीकर मी आधीच आणून दिला होता, पण त्याची बारीक बटणं त्यांना सापडत नाहीत. वीस वर्षं वापरलेल्या सीडी प्लेअरचं प्रत्येक बटण मात्र त्यांना बोटांनी कळतं, झाकण उघडणं, सीडी बसवणं, पुढचा ट्रॅक, सगळं स्वतःचं स्वतः करतात. ते कुणाला हाक न मारता करता येणं हेच महत्त्वाचं होतं.

आधी मी हे काम एका दुकानात दिलं, लग्नाच्या कॅसेटी वगैरे सीडीवर करून देतात तिथे. एका सीडीचे दीडशे रुपये. घरी आणून लावली, नो डिस्क. परत गेले तर त्याने त्याच्या कॉम्प्युटरवर लावून दाखवली, "मॅडम चालतेय की, तुमच्या प्लेअरची लेन्स गेलीये." घरी आले, बाबांची जुनी भावगीतांची सीडी लावली, ती खणखणीत वाजली. मग लेन्स कशी गेली? असे चार हेलपाटे झाले, प्रत्येक वेळी तेच उत्तर आणि शेवटी "नवीन प्लेअर घ्या". त्याने सीडीवर एमपीथ्री फाइली टाकल्या होत्या एवढंच, आणि आमचा प्लेअर एमपीथ्री ओळखत नाही. हे दोन मिनिटांत सांगण्यासारखं होतं. आजही त्या रस्त्याने जाताना मला तो आठवतो.

तर कुणाला हे करायचं असेल तर सगळ्यात आधी हे लक्षात घ्या, ऑडिओ सीडी आणि फाइली भरलेली सीडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दिसायला एकच तबकडी असली तरी. जुना प्लेअर फक्त ऑडिओ सीडी वाजवतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे सीडी कॉम्प्युटरमधे उघडा. ट्रॅक ०१, ट्रॅक ०२ अशा सीडीए नावाच्या अगदी चिमुकल्या, एक केबीच्या फाइली दिसल्या तर ती ऑडिओ सीडी. एमपीथ्री दिसल्या तर जुन्या प्लेअरवर वाजणार नाही, प्रयत्नच करू नका. कॉम्प्युटर दोन्ही वाजवतो, त्यामुळे "माझ्याकडे चालतेय" याला काही अर्थ नाही.

मग मी स्वतःच करायचं ठरवलं. हल्लीच्या लॅपटॉपला सीडीचा ड्राइव्ह नसतोच, यूएसबीला लावायचा बाहेरचा रायटर मागवला. आवाज काढायला व्हीएलसी हा फुकट मिळणारा प्लेअर वापरला, त्यात कन्व्हर्टच्या यादीत ऑडिओ सीडी असा तयार पर्याय असतो, वेव्ह, म्हणजे न दाबलेल्या आवाजाची फाइल बनते. हे सगळं एका दुपारी झालं.

आणि मग परत नो डिस्क.

फाइलींवर राइट क्लिक करून सीडीवर पाठवा म्हटलं की लॅपटॉप विचारतो, ही सीडी पेन ड्राइव्हसारखी वापरणार की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी? मी अर्थातच प्लेअरसाठी निवडलं. कुणीही हेच निवडेल! पण त्यातूनही फाइलींचीच सीडी बनते, फक्त नंतर त्यातली एखादी फाइल बदलता किंवा काढता येत नाही. नाव प्लेअरचं आणि प्लेअरवर चालत नाही, हे ज्याने कुणी लिहिलंय त्याने एकदा म्हाताऱ्या माणसाच्या शेजारी बसून ती घरघर ऐकावी. खरी ऑडिओ सीडी बनवायला सीडी जाळायचं (म्हणजे तिच्यावर लिहायचं, बर्न करायचं) वेगळं सॉफ्टवेअर लागतं, किंवा विंडोज मीडिया प्लेअरच्या बर्न टॅबमधे जाऊन तिथल्या ऑप्शनमधे डेटा सीडीऐवजी ऑडिओ सीडीवर टिक करावी लागते. दोन कोऱ्या सीडी वाया गेल्यावर मला ते सापडलं.

तिसऱ्या वेळी ऑडिओ सीडी केली, कॉम्प्युटरमधे उघडून सीडीएच्या फाइली बघितल्या, आईला सांगितलं की आज नक्की. बाबा खुर्ची ओढून बसले. घरघर, घरघर, नो डिस्क. खरं सांगते, त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. त्या दुकानदाराचंच खरं की काय असंही वाटून गेलं.

कारण निघालं ते असं. चुकलं तर पुसून परत वापरता येतील म्हणून मी यावेळी सीडी-आरडब्ल्यू आणल्या होत्या. आरडब्ल्यूवरून लेझरचा उजेड फार कमी परत येतो, १५ ते २५ टक्के, आणि कंपनीच्या छापील सीडीवरून ७० टक्क्यांच्या आसपास. साधी, एकदाच लिहिता येणारी सीडी-आर छापील सीडीच्या जवळपास जाते. जुन्या प्लेअरचा डोळा तेवढ्याच उजेडावर बेतलेला असतो, आरडब्ल्यू त्याला दिसतच नाही, म्हणून तो म्हणतो सीडीच नाहीये. खालची बाजू काळपट राखाडी दिसली तर समजा ती आरडब्ल्यू. जुन्या प्लेअरसाठी फक्त सीडी-आर घ्यायची. तेच प्रोजेक्ट, त्याच फाइली, सीडी-आरवर १६एक्स वेगाने जाळल्या आणि पहिल्या फटक्यात वाजल्या. पट्टीवर १५ ट्रॅक असा आकडा आला तेव्हा मी मोठ्याने वाचून दाखवला.

आता सुचेल तसं सांगते. सीडी मिनिटांत मोजायची, एमबीत नाही. ७५ मिनिटांची वेव्ह फाइल साधारण साडेसातशे एमबी होते आणि सीडीवर ७०० लिहिलेलं असतं, तरी मावते, कारण ऑडिओ सीडीत चुका दुरुस्त करायची जास्तीची माहिती कमी ठेवतात आणि ती जागा आवाजाला मिळते. ८० मिनिटं ही हद्द. अडीच तासांचा सिनेमा दोन सीडींवर जातो, तो मध्यंतरालाच तोडा, ८० मिनिटं भरायच्या नादात वाक्याच्या मधे तोडू नका. व्हीसीडीचं तर आणखी सोपं, एका व्हीसीडीत साधारण तेवढीच मिनिटं असतात, एकास एक.

सिनेमाचा आवाज बहुतेक वेळा ४८ हजार हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला आवाजाची तेवढी मोजमापं) असतो आणि सीडीला ४४,१०० च लागतो, १६ बिट, स्टिरिओ. फिलिप्स आणि सोनीने १९८० मधे ठरवलेलं ते अजून तसंच आहे. व्हीएलसीचा तो पर्याय हे आपोआप करतो.

नवीन सिनेमांमधे एक भानगड आहे. ५.१, म्हणजे सहा वेगवेगळ्या स्पीकरांसाठीचा आवाज असेल तर संवाद मधल्या चॅनेलवर असतात. ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरमधे उघडलं की सहा पट्ट्या दिसतात, मी पहिल्या दोनच ठेवल्या होत्या आणि बाबा म्हणाले, "माणसं कुठेत? नुसतं संगीत चाललंय." तिसरी पट्टी संवादांची, ती दोन्हींत मिसळा, आणि मी तर ती थोडी वाढवते. जे डोळ्यांनी बघत नाहीत त्यांना शब्द नीट ऐकू यायलाच हवेत. गाणी आणि मारामारी अंगावर येऊ नये म्हणून ऑडॅसिटीतच कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारी सोय) मारते.

आणि अख्ख्या तासाचा एकच ट्रॅक करू नका हो! बाबांना मधेच डुलकी लागते, प्लेअर बंद केला की परत सुरुवातीपासून. मी पाचपाच मिनिटांचे ट्रॅक करते. सीडीवर ९९ पर्यंत चालतात. पण तोडलेल्या जागी टक् असा आवाज येत होता, त्यावर माझे दोन दिवस गेले. ऑडिओ सीडी सेकंदाचे ७५ तुकडे करते आणि ट्रॅक पुऱ्या तुकड्यावरच संपावा लागतो, नाहीतर उरलेली जागा शांततेने भरली जाते. ऑडॅसिटीत सीडीडीए फ्रेम्सला, म्हणजे याच तुकड्यांना, स्नॅप करायची सोय आहे, ती लावून तोडायच्या जागी लेबलं टाकली आणि टक् गेलं. जाळताना डिस्क ॲट वन्स (अख्खी सीडी एका दमात लिहिणं) निवडा आणि ट्रॅकमधलं अंतर शून्य ठेवा, नाहीतर दर पाच मिनिटांनी दोन सेकंद गप्प.

सीडीवर कागदी स्टिकर चिकटवू नका, फिरताना तोल जातो. मार्करने लिहिते मी, पण ते बाबांच्या उपयोगाचं नाही. म्हणून डबीला रबरबँड लावलेत, मध्यंतराआधीच्या सीडीला एक, नंतरच्या सीडीला दोन. परवा फोन केला तर आई म्हणाली, थांब, आता बोलायचे नाहीत ते, दोन रबरवाली चालू आहे.