पहिल्या मजल्यावरची मुंबई

मुंबईतल्या 'लपलेल्या जागां'च्या ज्या याद्या फिरतात, त्यांत बरीच नावं पुस्तकांच्या कपाटामागे मुद्दाम दार ठेवलेल्या बारची असतात. ती शुद्ध जाहिरात. खरोखर नजरेआड राहिलेली ठिकाणं दोनच कारणांनी नजरेआड असतात. एक तर ती तळमजल्यावर नसतात, किंवा आपण जातो त्या वेळी बंद असतात.

आधी मजल्याचं बघू. काळबादेवीत दादीशेठ अग्यारी लेनमधलं ठाकर भोजनालय १९४५ पासून जिना चढूनच गाठावं लागतं. काळबादेवी रोडवर नरोत्तमवाडीत फ्रेंड्स युनियन जोशी क्लब आहे, तोही वरच. नावात क्लब असला तरी सभासद वगैरे व्हावं लागत नाही, सरळ जाऊन बसायचं. माटुंगा पूर्वेला स्टेशनलगतच्या मार्केटच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून चालू आहे. तिथे आधी गल्ल्यावर पैसे भरून कुपन घ्यायचं, मग नंबर लागतो. सोमवारी बंद.

ही वर असण्याची पद्धत भाड्यातून आली. बाजारपेठेत तळमजला कापडवाल्याला, भांडीवाल्याला परवडतो. पोटभर ताट वाढणाऱ्याला नाही. वरच्या पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने घेतलेल्या खोल्यांचं भाडं मात्र भाडे नियंत्रणामुळे किरकोळ राहिलं आणि त्यावर ही भोजनालयं तगली. म्हणूनच इमारत पुनर्विकासाला गेली की खानावळ सहसा परत उघडत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या शिफारशीवर विसंबून निघण्याआधी एक फोन करावा.

नकाशातली टाचणी मजला सांगत नाही, त्यामुळे गल्लीत शिरलात की मोबाइल खिशात ठेवा आणि वर बघा. एक्झॉस्ट पंख्याखाली भिंतीवर उतरलेला तेलकट काळा ओघळ, जिन्याखाली साखळीने बांधलेले गॅस सिलिंडर, पहिल्या पायरीशी टेकवलेली केळीच्या पानांची मोळी आणि दुपारी एकच्या सुमारास बडीशेप चघळत उतरणारी माणसं, एवढ्या खुणा पुरतात. शोधायचंच असेल तर 'रेस्टॉरंट' टाकू नका. काळबादेवीत 'भोजनालय', फोर्टात 'लंच होम', लालबाग-परळला 'खानावळ' असं टाका, म्हणजे अनुक्रमे गुजराती-मारवाडी, मंगळुरी आणि मालवणी-घाटी जेवण पुढे येतं. आधी मराठीतून आणि मग इंग्रजीतून शोधलं तर दोन वेगळ्या याद्या मिळतात.

आता वेळ. जेवण मिळतं ते दुपारी बारा ते तीन आणि रात्री साडेसात ते दहा. मधल्या वेळात चूल बंद. साडेतीनला पोचणाऱ्याला ओल्या फरशीवर उलटी ठेवलेली बाकडी दिसतात. बाजारातली बहुतेक भोजनालयं रविवारी रात्री उघडत नाहीत, कारण त्यांचं गिऱ्हाईकच बाजार आहे. सहा जणांचा कंपू नेऊ नका. टेबल अनोळखी माणसाबरोबर वाटून घ्यावं लागतं. दोघं असाल तर लवकर जागा होते.

मासळीच्या खानावळीत वाराला फार महत्त्व आहे. मराठी घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार बरेच जण पाळतात. खाणं होतं ते बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी. त्या तीन दिवशी माल सकाळी येतो आणि दुपारपर्यंत उडतो. सोमवारी बांगडा मागवलात तर तो रविवारचा उरलेला असण्याची शक्यता जास्त. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. तेव्हा पापलेट-सुरमई बहुधा बर्फातली येते, म्हणून त्या दिवसांत सुकट, सुका बोंबील, खाडीची मासळी मागावी. श्रावणात काही खानावळी रंगकाम काढून चक्क सुट्टी घेतात. आणि फळ्यावर भावाच्या जागी 'साइजप्रमाणे' लिहिलं असेल तर तुकडा बघून, आकडा विचारून मगच हो म्हणा. सुरमईच्या थाळीवरून जी भांडणं होतात ती सगळी इथेच होतात. भाताच्या दुसऱ्या वाढीचे आणि सोलकढीच्या दुसऱ्या वाटीचे पैसे वेगळे आहेत का, तेही आधीच विचारलेलं बरं.

बारची पाटी वाचता आली पाहिजे. परवाना क्रमांकाआधी 'एफएल-३' असेल तर परमिट रूम, म्हणजे बसून पिता येतं. 'एफएल-२' म्हणजे वाइन शॉप, तिथून बाटली घेऊन निघायचं. 'सीएल-३' म्हणजे देशी. मुंबईचा क्वार्टर बार हा एफएल-३ मधला सगळ्यात साधा प्रकार. १८० मिलीची क्वार्टर सीलबंदच टेबलावर येते. सील बघा, ब्रँड बघा, मग फोडायला सांगा. 'नाइन्टी' मागितली तर ९० मिली मापाने ओतून मिळते, त्यामुळे माप डोळ्यांसमोर व्हायला हवं. बाटलीवर छापलेल्या किमतीवरून वेटरशी वाद घालू नका. बसून पिण्याचा दर वेगळाच असतो आणि तो मेन्यूत असतो. त्यातही साध्या हॉलचा एक, वरच्या एसीचा दुसरा, स्वयंपाकघर तेच. थंडाव्याचे पैसे द्यायचे नसतील तर खाली बसा, चखणाही खालीच लवकर येतो. उकडलेले चणे, काकडी किंवा शेंगदाणे बहुतेक ठिकाणी फुकट येतात. सोडा, पाणी, बर्फ मात्र बिलात बघून घ्या. दारू जीएसटीत येत नाही, म्हणून बिलात जेवणाचा आणि दारूचा कर वेगळा दिसायला हवा. सरसकट सगळ्यावर जीएसटी लावला असेल तर विचारा.

कायद्याने पिण्याचा परवाना लागतो: एक दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १००, आजीवन १,०००. कडक दारूसाठी वय २५, बिअर-वाइनसाठी २१. गांधी जयंती, आषाढी आणि कार्तिकी एकादशी, अनंत चतुर्दशी हे काही कोरडे दिवस, म्हणजे ड्राय डे. शिवाय मतदान संपण्याआधीचे ४८ तास. असल्या बारमध्ये फोटो काढणं टाळा. तिथे बसलेल्या निम्म्या लोकांनी घरी 'मीटिंग आहे' असं सांगितलेलं असतं. 'लाइव्ह ऑर्केस्ट्रा' अशी पाटी बघून गाणं ऐकायला म्हणून शिरू नका, तो वेगळा धंदा आहे आणि तिथलं बिलही वेगळं.

गाण्यासाठी याद्यांचा उपयोग त्याहून कमी. लोअर परळचं ब्लू फ्रॉग २०१६ मध्ये बंद झालं, ते नाव जुन्या याद्यांत अजून सापडतं. 'सोफार साउंड्स'सारख्या मैफिलींचा पत्ता आदल्या दिवशी कळतो, त्यासाठी आधी नाव नोंदवून ठेवावं लागतं. पण आपल्या शहरातलं उत्तम गाणं अजूनही छोट्या सभागृहांत आणि बऱ्याचदा फुकट होतं. ऑपेरा हाउसजवळचं लक्ष्मीबाग, माटुंगा पश्चिमेचं दादर-माटुंगा कल्चरल सेंटर, गिरगावातलं साहित्य संघ मंदिर यांच्या बाहेरचा फळा येता-जाता वाचत राहा. वर्तमानपत्रातलं 'आजचे कार्यक्रम' हे बारीक अक्षरांतलं सदर कुठल्याही ॲपपेक्षा भरवशाचं. 'विनामूल्य, काही जागा राखीव' असं छापलं असेल तर पुढच्या रांगा गेल्या असं समजून अर्धा तास आधी पोचा. भारतीय बैठक असेल तर भिंतीला टेकायची जागा सर्वात आधी भरते. उठायचंच झालं तर राग संपल्यावर उठा. मोठा ख्याल पाऊण तास चालतो, हे धरून पाणी प्यायचं बेताने.

उघड्यावरच्या मैफली रात्री दहाला आटोपतात, कारण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दहा ते सहा ध्वनिक्षेपक बंद केले. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. बंद सभागृहांना हा नियम नाही, पण शेवटची लोकल आहे. त्यामुळे रात्रभराचं गाणं जवळपास गेलं आणि पहाटेचे राग ऐकायचे तर मुद्दाम सकाळी लवकर ठेवलेल्या 'प्रातःस्वर'सारख्या मैफली गाठाव्या लागतात.

ज्याकडे याद्या ढुंकूनही बघत नाहीत तो प्रकार म्हणजे डबलबारी. कोकणातली भजनाची जुगलबंदी: दोन बुवा, दोन संच, हार्मोनियम, पखवाज, झांजा. पहिली बारी अभंग आणि गजर लावून सवाल टाकते, दुसरी उत्तर देते आणि वर चिमटा काढते. करी रोड, चिंचपोकळी, लालबागच्या पुलांवर आणि चाळींच्या कमानींवर फ्लेक्स लागतो. त्यावर दोन्ही बुवांचे फोटो, वेळ आणि मंडळाच्या माणसाचा नंबर असतो. तिकीट त्या नंबरवरच, ऑनलाइन शोधत बसू नका. नवख्याने दुसऱ्या बारीला पोचून चालत नाही, कारण तिची सगळी मजा पहिल्या बारीत काय विचारलं त्यावर असते. तीन-चार तास सहज जातात, म्हणून जेवून जा.