कांदेनवमी ते चंपाषष्ठी

आषाढ शुद्ध नवमीला आमच्या स्वयंपाकघरात दुपारपर्यंत कोणाचेच डोळे कोरडे नसतात. परातभर कांदा उभा चिरायचा, मीठ चोळून ठेवायचा आणि त्याला जे पाणी सुटेल त्यात मावेल तेवढंच बेसन कालवायचं. वरून पाण्याचा थेंब नाही. ओवा, तिखट, चमचाभर कडकडीत मोहन. भजी कढईतून निघतात ती ताटापर्यंत पोचतच नाहीत. शिवाय भरली वांगी, लसणीची चटणी आणि कांद्याचं थालीपीठ असतंच. दोन दिवसांनी देवशयनी एकादशी, म्हणजे चातुर्मास सुरू, म्हणजे कांदा-लसूण-वांगं बंद. तेव्हा आज कांदेनवमी, आज खाऊन घ्या!

या 'खाऊन घ्या'ची मला फार गंमत वाटते. पहिला घाणा म्हणजे स्वर्ग, दुसराही बऱ्यापैकी. तिसऱ्या घाण्याला जिभेला काही कळेनासं होतं, पण हात थांबत नाही, कारण परवापासून मिळणार नाही. संध्याकाळी सगळे पोटाला तडस लागून बसलेले असतात आणि ओवा-सैंधवाची डबी घरभर फिरत असते.

नेम काय फक्त कांद्याचेच असतात असं नाही. कोणी एकभुक्त राहतं, कोणी धारणं-पारणं करतं, कोणी केळीच्या पानावर जेवतं, कोणी रोज देवापुढे तेहतीस गोपद्मं काढतं. पावसाळ्यात अग्नी मंद असतो, म्हणून जड खाऊ नये, हे आयुर्वेदाचं म्हणणं आहेच. पण मला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. हे नेम करणारी माणसं चिडचिडी का होत नाहीत?

आमच्या आत्याने 2023 साली चहातली साखर सोडली. नेमका त्या वर्षी अधिक श्रावण आला आणि चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. पहिला आठवडाभर तिचा चेहरा बघण्यासारखा होता. घोट घ्यायची, डोळे मिटायची, गिळायची. आम्हाला वाटलं, सोडेल. श्रावणाच्या सुमारास मात्र ती कपाला नाक लावून बसलेली दिसू लागली. "अगं, चहाला स्वतःचा वास असतो. साठी उलटल्यावर कळलं मला!" पुढे पुढे तर आलं किसून घातलंय की ठेचून, दूध सकाळचं आहे की कालचं, हे ती पहिल्या घोटात सांगायची. चहा करणाऱ्यांना त्याचा जरा त्रासच झाला.

मी एकदा तिला विचारलं, "आत्या, तुला मोह नाही होत?"

"होतो की. पण रोज रोज ठरवायला लागत नाही ना!"

माझं अडतं ते इथेच. 'गोड कमी करायचं' असं मीही अधूनमधून ठरवते, पण ते मोघम असतं, त्यामुळे डोक्यात रोज कोर्ट भरतं. आज पाहुणे आलेत. आज पाऊस काय सुंदर पडतोय. अर्धीच बर्फी घेते. खाल्ली तर टोचणी, नाही खाल्ली तर हळहळ. आत्याचा खटला मात्र आषाढातच निकालात निघालेला, अपील नाही. कहाण्यांमधलं ते 'उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही' लहानपणी मला धमकीसारखं वाटायचं. आता त्यात बरीच सोय दिसते.

अर्थात पळवाटा काढण्यात आपला हात कोण धरणार? साखर सोडून गूळ चालवणारे आहेत. कारल्याची भाजी सोडून पुण्य मिळवणारे तर घरोघरी. आणि खरं सांगायचं तर, घरातल्या बायकांनी उपास करायचे आणि पुरुषांनी साबुदाण्याच्या खिचडीपुरतं त्यात सामील व्हायचं, ही वाटणी मला कधीच पटलेली नाही. सासूने लादलेला नेम आणि आपण होऊन घेतलेला नेम यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्यात माणूस दिवस मोजतो.

मी मौनभोजन घेतलं होतं, तेही रात्रीच्या जेवणापुरतं. बोलायचं नाही म्हटल्यावर फोनही ओघानेच दुसऱ्या खोलीत गेला. सुरुवातीला घास चावायलासुद्धा लाज वाटायची, इतका त्याचा आवाज यायचा. मग हळूहळू ताटात काय आहे ते दिसायला लागलं. आमटीत चिंच आहे की आमसूल, पोळीचा कोणता पदर करपलाय, भात किती पुरतो. भात बराच कमी पुरतो, असं निघालं.

कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपतो. पण आमच्यासारख्या खंडोबाच्या घरांत वांगं थांबतं ते मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीपर्यंत. त्या दिवशी भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच तोंडात घालायचं. इतक्या महिन्यांनी मिळालेल्या भरतावर माणसं तुटून पडतील असं वाटतं ना? पडत नाहीत. चुलीवर भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास, वर कच्चा कांदा, कच्चं तेल. सगळे चवीने खातात, वाहवा करतात आणि वेळेवर उठतात. नवमीला ज्यांनी घाण्यावर घाणे रिचवले, तीच ही मंडळी. ओव्याची डबी त्या दिवशी फडताळातच राहते.

आत्याने उद्यापनाला रीतीप्रमाणे साखर दान केली. तिचा चहा अजूनही बिनसाखरेचाच आहे. नेम संपला, हे बहुतेक तिच्या लक्षातच आलं नाही.

यंदा भाचीने रात्री दहानंतर रील्स न बघण्याचा नेम घ्यायचं म्हटलंय. शनिवार-रविवार सूट मिळेल का, अशी तिची पहिली शंका होती. आत्या म्हणाली, "तुझा नेम, तूच ठरव. पण एकादशीच्या आत काय ते ठरव." ती दुसऱ्या दिवशी कॅलेंडर घेऊनच आली. 2026 चा अधिक महिना ज्येष्ठातच उरकतोय, म्हणजे चातुर्मास चारच महिन्यांचा, याची तिने आमच्या सगळ्यांसमोर दोनदा खात्री करून घेतली. शनिवार-रविवारचं अजून ठरायचंय.