तुम्ही विचारलंत म्हणून : आमच्या बीटाला गड्डा का धरत नाही?

थंडी पडली की लातुरातल्या आमच्या गल्लीत हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. परवा शेजारची सून म्हणाली, "काकू, तुमचं बीट कसं गोल गरगरीत येतंय. आमचा निस्ता पालाच वाढायलाय. खत कोणतं टाकायलाव तुम्ही?"

मी तिच्यासोबत गच्चीवर गेले. कुंडीतली माती बोटानं सारून बघितली. एकेका ठिकाणी तीन-तीन, चार-चार रोपं, एकमेकींना बिलगून उभी. मुळं सुतळीएवढी. तिची कुंडी उन्हात होती, पाणी वेळेवर होतं, खतही भरपूर होतं. चुकलं ते एवढंच, की तिनं एकही रोप काढलं नव्हतं.

बीटाचं बी हातावर घेऊन नीट बघा. खडबडीत, तपकिरी, बुचाचा कुरतडलेला तुकडा असावा तसं दिसतं. आपण त्याला एक बी म्हणतो, पण तो दोन-चार बियांचा गुच्छ असतो. म्हणून तुम्ही एक टोकलंत तरी वर येतात तीन. त्या तिघींना एकाच जागेत गड्डा धरायचा असतो आणि जागा एकीलाच पुरेल एवढी असते. मग कुणीच धरत नाही, सगळ्या नुसत्या पानांवर येतात. शिवाय युरिया टाकला असेल, कुंडी सावलीत असेल, तर पाला आणखीच माजतो. पण दहातल्या आठ घरी मला सापडतं ते हेच, विरळणी केलेली नसते.

विरळणी होत नाही, कारण हात धजत नाही. मला हे पुरतं कळतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आम्ही इथंच होतो. भाजी धुतलेलं पाणी एका बादलीत, भांडी विसळलेलं दुसऱ्या बादलीत, असा तो उन्हाळा काढला. तांब्या-तांब्यानं जगवलेलं हिरवं रोप स्वतःच्या हातानं काढायचं, हे इथल्या बाईच्या जिवावर येणारच. माझ्याही यायचं. पहिली दोन वर्षं मी एकही रोप काढलं नाही, आणि दोन्ही वर्षं पाल्याचीच भाजी खाल्ली.

मग एकदा काढलेली रोपं फेकून द्यायच्या ऐवजी मी त्यांचा घोळाणा, म्हणजे कच्च्या पाल्याची कोशिंबीर, केला, आणि तेव्हापासून विरळणीची मी वाट बघते. रोपं बोटभर उंच झाली, की प्रत्येक ठिकाणचं सगळ्यात जोमदार रोप ठेवायचं आणि बाकीची कात्रीनं मातीलगत कापायची. उपटायची नाहीत, शेजारणीचं मूळ हलतं. लालचुटूक देठांची ती इवली पानं धुऊन, बारीक चिरलेला कांदा, शेंगदाण्याचं कूट, मीठ, थोडं कच्चं करडीचं तेल. मेथीचा घोळाणा करतो तसाच, फक्त कडवटपणा नाही. गरम भाकरीसोबत खाऊन बघा. तुमच्या बीटाची पहिली कोशिंबीर पंचवीस दिवसांत ताटात येते, गड्ड्याची वाट बघायला लागत नाही.

राहिलेल्या दोन रोपांत चार बोटं अंतर हवं. बी रात्रभर भिजवायचं आणि अर्धं पेर खोल टोकायचं, जिथं वाढायचं तिथंच. टोमॅटोसारखं रोप करून दुसरीकडे लावलं, की मूळ वाकडं होतं. आपली काळी माती एकटी चालत नाही. ओली असताना चिकट आणि वाळली की दगड, त्यात गड्डा फुगणार कसा? निम्मी माती, निम्म्यात जुनं शेणखत आणि वाळू, आणि कुंडी फूटभर खोल.

पाण्याचंही विचारता म्हणून सांगते. बीटाचं मूळ रानटी वाण समुद्रकाठचं, त्यामुळे बोअरचं खारट पाणी त्याला बऱ्यापैकी सोसतं. मात्र उगवताना सोसत नाही. बी भिजवायला आणि पहिले आठ-दहा दिवस गोडं पाणी द्या, मग बोअरचं चालेल.

दसऱ्याला टोकलं की येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, काढायला येतं, दिवाळीचं संक्रांतीला. पुढं ऊन तापलं की आत पांढरी कडी पडतात आणि गोडी जाते. लिंबाहून मोठं झालं की काढायला लागा. फार फुगू दिलं तर आत दोरे होतात.

आता कोशिंबीर. "मातीचा वास येतो" म्हणून घरातली पोरं ताट सरकवतात, हे मला किती जणींनी सांगितलंय. तो वास खरंच मातीचाच असतो. वळवाच्या पहिल्या सरीनंतर जमिनीतून जो दरवळ उठतो तो ज्या द्रव्याचा, तेच द्रव्य बीटात असतं, आणि सालीत जास्त. म्हणून साल जाडसर काढायची आणि किसल्या किसल्या आधी लिंबू पिळायचं. आंबटानं तो वास मोडतो. पाच मिनिटं थांबून कूट, कोथिंबीर, वरून करडीच्या तेलात मोहरी, हिंग आणि हिरव्या मिरचीची फोडणी. मीठ अगदी ताटात वाढताना, नाहीतर सगळं पाणी सुटून वाटीत लाल तळं होतं. दही आवडत असेल तर निम्मं बीट उकडून घ्या. उकडताना शेपटी आणि बोटभर देठ तसंच ठेवा, कापलंत तर रंग पाण्यात जातो.

दुसऱ्या दिवशी लघवी लालसर झाली तर घाबरू नका, काही जणांना बीटानं तसं होतं. मूतखड्याचा त्रास असेल त्यांनी मात्र बीट, आणि त्याचा पाला तर आणखीच, डॉक्टरांना विचारूनच खावा.

शेजारच्या सुनेची विरळणी आम्ही दोघींनी मिळून केली. रोपं हातभर झाली होती, घोळाण्याला जून, म्हणून तिनं पाला मुगाच्या डाळीत टाकला. कुंडीत आता अकरा रोपं उरलीत. उशीर झालाय, पण संक्रांतीपर्यंत मुठीएवढी होतील असं मला वाटतं.