कात्रिनबाईंनी पंतप्रधानपद सोडलं आणि...

आइसलँडमध्ये मतदार किती, तर 2 लाख 68 हजारांच्या आसपास. आपल्याकडे विधानसभेच्या बऱ्याच मतदारसंघांत याहून मोठी यादी असते. पण 2024 मध्ये तिथे जे राजकारण झालं ना, ते आपल्या कुठल्याही चॅनलने महिनाभर चघळलं असतं.

झालं असं की 1 जानेवारीच्या भाषणात राष्ट्रपती ग्वुद्नी योहानेसॉन यांनी सांगून टाकलं, मी परत उभा राहणार नाही. तिकडे चालू राष्ट्रपती उभा असला की बऱ्याचदा समोर कुणी येतच नाही आणि मतदानसुद्धा होत नाही, त्यामुळे खुर्ची रिकामी होतेय म्हटल्यावर झुंबड उडाली. उमेदवारीला 1500 सह्या पुरतात, हा आकडा 1944 च्या राज्यघटनेतला, तेव्हापासून कुणी वाढवलाच नाही. सह्या ऑनलाइन, आणि वेबसाइट अशी की दुसऱ्याला पाठिंबा द्यायला गेलेले काही जण चुकून स्वतःसाठीच सह्या गोळा करायला लागले 😀 शेवटी 12 उमेदवार उरले.

त्यात सगळ्यात मोठं नाव कात्रिन याकोब्सदोत्तिर, म्हणजे चालू पंतप्रधान! 2017 पासून डाव्या-हरित पक्षाच्या या बाई उजव्या पक्षाला सोबत घेऊन सरकार चालवत होत्या, आणि एप्रिलमध्ये ते पद सोडून राष्ट्रपतीपदाला उभ्या राहिल्या. राष्ट्रपती तिथे बराचसा मानाचा, कायद्यावर सही नाकारून तो जनतेकडे पाठवायचा अधिकार असतो पण तो क्वचितच वापरतात. बरं, पंतप्रधानपदी आले कोण, तर उजव्या पक्षाचे ब्यार्नी बेनेदिक्तसॉन. त्यांच्या विरोधात 40 हजारांवर सह्या पडल्या. डाव्या मतदारांना हे किती झोंबलं असेल बघा, आपण मत दिलं कुणाला आणि खुर्चीत बसलं कोण.

त्यात तिथे दुसरी फेरी नसते, ज्याला सर्वात जास्त मतं तो जिंकला. त्यामुळे ज्यांना कात्रिन नकोच होत्या ते शेवटच्या दिवसांत, जो पुढे दिसतोय त्याच्यामागे गेले. 1 जूनला मतदान, आणि निकाल : उद्योजिका हाल्ला तोमासदोत्तिर 34 टक्के, कात्रिन 25. (हाल्ला 2016 मध्ये दुसऱ्या आल्या होत्या.)

बाईंचं तेलही गेलं तूपही गेलं, पण धुपाटणं पक्षाच्या हाती आलं. ऑक्टोबरमध्ये ब्यार्नींनी आघाडी मोडली, संसद बरखास्त करा म्हणून हाल्लांकडे गेले, म्हणजे कात्रिन जिंकल्या असत्या तर स्वतःच जुळवलेल्या आघाडीच्या शेवटावर सही करायची वेळ त्यांच्यावर आली असती! 30 नोव्हेंबरला मतदान, आपल्या विधानसभेचा निकाल लागून आठवडाच झालेला, इकडे अजून मुख्यमंत्री कोण यावर खल चाललेला. 63 जागांच्या अल्थिंगीत, म्हणजे तिथल्या संसदेत, डाव्या-हरितांना भोपळा. मतं 2.3 टक्के, आणि 2.5 च्या खाली गेलं की सरकारी अनुदानही बंद, म्हणजे खिसाही रिकामा. पायरेट पार्टी नावाचा छोटा पक्षही साफ.

सोशल डेमोक्रॅट्सना सर्वाधिक 15 जागा मिळाल्या आणि डिसेंबरमध्ये क्रिस्त्रून फ्रोस्तादोत्तिर 36 व्या वर्षी पंतप्रधान झाल्या. त्यांच्या नव्या आघाडीतल्या तिन्ही पक्षांच्या प्रमुख बायकाच, राष्ट्रपतीही बाईच. युरोपियन युनियनमध्ये सामील होण्याची बोलणी परत सुरू करायची का, यावर 2027 पर्यंत जनमत घेऊ असं या तिघींनी तेव्हा कबूल केलं.