एसएसएचवरून एका ओळीत कमांड: माझा अनुभव

सर्व्हरवर लॉगिन करून चालवलेली कमांड सुरळीत चालते, आणि तीच लॅपटॉपवरून एसएसएचच्या (दूरच्या सर्व्हरशी सुरक्षितपणे जोडणारा प्रोग्राम) मागे जोडून पाठवली की ‘कमांड नॉट फाउंड’, एक्झिट कोड (कमांड संपताना परत देते तो आकडा) १२७. उबुंटूच्या १० सर्व्हरवर रोजची तपासणी बसवताना माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. शेल म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम. अशा कमांडला इंटरॅक्टिव्ह, म्हणजे समोर बसून टाइप करायचं, शेल मिळत नाही. उबुंटूच्या ‘बॅशआरसी’ या शेलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये सुरुवातीलाच अट असते: शेल इंटरॅक्टिव्ह नसेल तर इथूनच परत. पाथ (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी) वाढवणारी ओळ आपण सवयीने तळाशी लिहितो, तिथपर्यंत शेल पोचतच नाही. मी ती ओळ अटीच्या वर नेली. स्क्रिप्टमध्ये मात्र टूलचा पूर्ण पाथच, म्हणजे त्याच्या फाइलचा पूर्ण पत्ताच, देतो, ते जास्त भरवशाचं.

पासवर्डऐवजी लॉगिनला वापरायची की जोडणं सोपं होतं: ‘एसएसएच-कीजेन’ला ईडी२५५१९ हा कीचा प्रकार सांगून ती बनवायची, मग ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ने ती सर्व्हरवर टाकायची. एका सर्व्हरने तरीही ‘परमिशन डिनाइड’ म्हटलं. लॅपटॉपवर कारण दिसत नाही, ते सर्व्हरच्या ऑथ लॉगमध्ये (लॉगिनची नोंदवही) असतं. तिथे होम फोल्डरवर ग्रुपला लिहायची परवानगी होती, ती काढली. एसएसएचच्या फोल्डरची परवानगी ७००, ऑथराइज्ड कीजच्या फाइलची ६००, म्हणजे दोन्ही फक्त मालकासाठी.

पुढची चूक अवतरणचिन्हांची. डबल कोट्समध्ये ‘डॉलर होम’ (होम फोल्डरचा पत्ता साठवलेलं नाव) लिहिलं तर त्याचा अर्थ लॅपटॉपवरच लावला जातो आणि माझ्या होमचा पाथ सर्व्हरला जातो. सिंगल कोट्समध्ये तोच मजकूर जसाच्या तसा पोचतो.

सगळ्यात फसवा प्रकार लूपचा. सर्व्हरची नावं फाइलमधून ‘व्हाइल रीड’ने, एकेक ओळ घेत, वाचत होतो. पहिल्या सर्व्हरचं उत्तर आलं आणि लूप संपला, एररसुद्धा नाही. एसएसएच स्वतः स्टँडर्ड इनपुट (प्रोग्रामला येणारा मजकूर, इथे तीच फाइल) वाचतं, त्यामुळे उरलेली ९ नावं त्यानेच गिळली होती. एसएसएचला ‘डॅश एन’ हा पर्याय लावल्यावर दहाही सर्व्हर आले. सुडोला (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारं) पासवर्डसाठी टर्मिनल लागतं, तिथे ‘डॅश टी’ हवं.

तासभर चालणारं काम एका ओळीत पाठवू नये, असं माझं ठाम मत आहे. कंट्रोल-सी दाबलं की लॅपटॉपवरचं एसएसएच थांबतं, पण टर्मिनलशिवाय पाठवलेली कमांड सर्व्हरवर चालूच राहू शकते. ‘पीग्रेप’ने (चालू प्रोग्राम शोधणारी कमांड) पाहिल्याशिवाय तीच पुन्हा सुरू केली तर दोन प्रती एकाच फाइलवर लिहू लागतात. म्हणून मी आधी लॉगिन करतो आणि सर्व्हरवरच टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम) उघडतो. लॅपटॉपवर उघडलेल्या टीमक्सचा इथे उपयोग नाही, कारण तुटणारं कनेक्शन त्याच्या आत असतं. कंट्रोल-बी, मग डी, की बाहेर. परत येताना ‘टीमक्स अटॅच’.

स्क्रिप्टमध्ये एक्झिट कोड २५५ वेगळा धरा. तो एसएसएचचा स्वतःचा असतो: कनेक्शन किंवा लॉगिन फसलं. बाकी आकडे सर्व्हरवरच्या कमांडचे. मी फक्त २५५ आला तरच पुन्हा प्रयत्न करतो, तोही ३० सेकंद थांबून.